मिसूरीत ७० एकर कुरण घेतलं आहे. ओढा, कुंपण, पाणी यांसाठी सरकारी मदत कुठे मागायची?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं रोलाला नोकरी करतो, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. गेल्या वर्षी डेंट काउंटीत, सेलमच्या अलीकडे ७० एकर घेतली. निम्मं फेस्क्यू गवताचं कुरण, निम्मं ओकचं रान. आधीच्या मालकाची गुरं थेट ओढ्यात उतरायची, त्यामुळे काठ ढासळलाय आणि पाऊस पडला की पाणी चहासारखं होतं. हा ओढा पुढे मेरामेक नदीला मिळतो, म्हणून जीव जास्तच तुटतो. यंदा स्वतःच्या दहा-बारा गाई घ्यायच्या आहेत. त्याआधी ओढ्याला कुंपण आणि गुरांना वर पाणी करायचंय.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथे कृषी सहायक कुठे भेटतो, तलाठ्याकडून काय आणायचं, हे लहानपणापासून पाहिलंय. इथे कुणाच्या दारात जायचं तेच कळत नाही. नेटवर ‘शेतीसाठी अनुदान’ शोधलं की आधी फी मागणाऱ्या वेबसाइटी निघतात. कुंपण घालणारा पुढच्या महिन्यात मोकळा आहे. त्याला होकार देऊ का?

कुरणवाला

ताई, त्याला आधी थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

केंद्राच्या ईक्विप योजनेत (शेतातल्या माती-पाण्याच्या कामांना अनुदान देणारी) करारावर सही होण्याआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. माझ्या शेजाऱ्याने अर्ज दिला, मंजुरी येईलच म्हणून खांब ठोकले आणि त्या कुंपणाचा सगळा खर्च त्याच्या अंगावर पडला. चांगला कष्टाळू माणूस, फार वाईट वाटलं.

जायचं कुठे, तर यूएसडीएच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याच्या, सर्व्हिस सेंटरमध्ये. फार्मर्स डॉट गव्हवर काउंटी टाकली की पत्ता आणि फोन मिळतो. फोन करून वेळ घ्या. फी कुठेच नाही. जो फी मागेल तो सरकारी माणूस नव्हे. बहुतेक ठिकाणी एकाच इमारतीत दोन खाती असतात. एफएसए म्हणजे कागद, कर्ज, नोंदी. एनआरसीएस म्हणजे माती आणि पाणी. तुमचं काम दुसऱ्याकडे आहे, पण सुरुवात पहिल्याकडे करायची, कारण फार्म नंबर (जमिनीचा त्यांच्याकडचा नोंदणी क्रमांक) एफएसए देतं आणि त्याशिवाय ईक्विपचा अर्ज पुढे सरकत नाही. खरेदीखत, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर घेऊन जा. तुमची जमीन जुन्या मालकाच्या मोठ्या फार्मचा तुकडा असेल तर ती त्यांच्या नोंदीत वेगळी करून घ्यावी लागेल, त्याला वेळ लागतो. तिथेच उत्पन्नाचा फॉर्म भरायचा (सरासरी ९ लाख डॉलरची मर्यादा आहे). शिवाय एडी-१०२६, म्हणजे धूप होणारी जमीन आराखड्याशिवाय नांगरणार नाही आणि पाणथळ जागा मोडणार नाही अशी हमी.

मग एनआरसीएसचा माणूस रानात येतो. ही भेट घाईत उरकू नका. आमच्याकडे आलेल्या बाईंनी फाटकापाशीच वाकून फेस्क्यूचा झुबका उपटला. मुळं जेमतेम दोन बोटं. त्या म्हणाल्या, नुसतं ओढ्याला कुंपण घालून भागणार नाही, कुरणाचे तुकडे पाडा, गवताला विसावा द्या, मुळं खाली गेली की पाणीही मुरेल. मी एका कुंपणासाठी गेलो होतो, हाती अख्ख्या रानाचा चराईचा आराखडा आला. मोठ्या टायरचे पाण्याचे हौद, जमिनीखालून पाइप, हौदाभोवती चिखल होऊ नये म्हणून कापडावर खडी, हे सगळं त्यात बसलं. म्हणून अर्जात ‘कुंपण हवं’ एवढंच मागू नका. ‘ओढा ढासळतोय, कुरण उघडं पडतंय’ ही अडचण मांडा. अर्जांना गुण देऊन क्रम लावतात, आणि गुण अडचणीला मिळतात.

पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर येतात, साधारणपणे अंदाजी खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. पण सलग १० वर्षांपेक्षा जास्त शेती केलेली नसेल आणि रोजचं काम तुम्ही स्वतः पाहणार असाल, तर नवशिक्या शेतकरी म्हणून ९० टक्क्यांपर्यंत जाता येतं, शिवाय किमान निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. अर्जात तो रकाना नक्की भरा. अर्ज वर्षभर घेतात, पण प्रत्येक राज्य एक तारीख ठरवतं. त्यानंतर आलेला अर्ज पुढच्या फेरीत जातो.

रानमाती

वरचं सगळं केंद्राचं झालं. मिसूरीत राज्याचा पैसा वेगळा आहे. १९८४ साली इथल्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, डॉलरमागे एक सेंटचा दहावा भाग. त्यातला निम्मा राज्य उद्यानांना, निम्मा माती-पाण्याला. तो ११४ काउंट्यांतल्या सॉइल अँड वॉटर डिस्ट्रिक्टमधून शेतकऱ्यापर्यंत पोचतो. डिस्ट्रिक्टच्या मंडळावर शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरी असतात, त्यामुळे ओढा म्हटलं की कुठला ते त्यांना सांगावं लागत नाही. चराईच्या कामांना यांची मदत हवी असेल तर आधी ग्रेझिंग स्कूल (चराईचं प्रशिक्षण) करावं लागतं. अनुदान मिळो न मिळो, ते कराच. तिथे बाजूला बसलेला सत्तर वर्षांचा शेतकरी जे सांगतो ते कुठल्या पुस्तकात मिळालं नाही मला.

एकाच कामावर दोन्हीकडून पूर्ण पैसे मिळत नाहीत. कुठलं काम कुणाकडे, ते दोघांना विचारून ठरवा.

पेन्सिल्व्हेनियाकर

दोन गोष्टी जोडतो. ताईंकडे ग्रीन कार्ड आहे, पण हे वाचणारे बरेच जण एच-वन-बीवर असतील. ग्रीन कार्ड नसताना शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत एफएसएकडे कळवावं लागतं. १९७८ चा कायदा आहे, अगदी छोटे तुकडे सोडले तर सगळ्यांना लागू, आणि दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. खरेदीच्या वेळी एजंट हे सांगेलच असं नाही.

दुसरं, अनुदान करपात्र असतं. जानेवारीत १०९९-जी, म्हणजे सरकारकडून मिळालेल्या पैशांचा कराचा फॉर्म, येतो. आगाऊ रक्कम घेतलीत तर ती ९० दिवसांत कामावर खर्च करायची असते, म्हणून कुंपणवाल्याची तारीख पक्की झाल्यावरच मागा.

माणदेशी_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंपणवाल्याला फोन करून थांबवलं, तो समजूतदार निघाला. सर्व्हिस सेंटरची मंगळवारची वेळ मिळाली आहे. एकच शंका, खरेदीखत दोघांच्या नावावर आहे आणि मंगळवारी नवऱ्याला सुट्टी नाही. मी एकटी गेले तर चालेल?

कुरणवाला

चौकशीला आणि फार्म नंबरसाठी जा बिनधास्त. सहीचे कागद घरी घेऊन या. जाताना ओढ्याचे फोटो घ्या, पाऊस झाल्यावरचे असतील तर उत्तमच.