ख्रिस्ती कॉलेजात सायन्स आणि इतिहास: शिक्षण की मिशन?

तिरका डोळा:
पोरीला मुंबईत बीएस्सीला घालायचंय, झेवियर्सचा फॉर्म भरायचा का यावरून घरात वाद चाललाय. माझं मत सांगतो, ज्या संस्थेला शेवटचं उत्तर आधीच ठाऊक आहे ती सायन्स काय कप्पाळ शिकवणार? इतिहास तर सोडाच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला १६३३ मध्ये कोणी गुडघ्यावर आणलं? चर्चनेच ना?

सह्याद्रीवाला:
गॅलिलिओ येणारच होता म्हणा 😄 अहो त्याच झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणारा माणूस तिथे गेल्याशिवाय राहत नाही. फादर ब्लॅटर स्विस, नंतरचे फादर सांतापाव स्पॅनिश, त्यांनी खंडाळ्याच्या झाडोऱ्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे डायरेक्टर झाले. फादर हेरासांनी १९२६ साली तिथेच इतिहास संशोधनाची संस्था काढली, विजयनगरवर लिहिलं, सिंधू लिपीत द्रविड भाषा शोधली. यात चर्चचा काय फायदा?

खवचट खंडू:
हेरासांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्यांना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांमध्ये 'आण' नावाचा सर्वश्रेष्ठ देव सापडला होता, आठवतंय? पाद्री लिपी वाचायला बसला आणि नेमका परमेश्वरच निघाला! ते वाचन पुढे टिकलं नाही. झाडं मोजताना श्रद्धा मधे येत नाही हो, माणसाचा इतिहास लिहिताना येते, माझा आक्षेप तिथे आहे. शिवाय मुंबईतच १८३९ ला मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी धडाधड पोरं काढली. शिकवणं आणि धर्मांतर तेव्हा वेगळं नव्हतंच.

वसईची सून:
विल्सन स्कॉटिश प्रोटेस्टंट, झेवियर्स जेजुइटांचं, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचं, सगळ्यांना एकाच माळेत कशाला ओवता? आणि लमेत्र विसरलात. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, लूव्हँला शिकवायचा, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडलं. १९५१ ला पोप म्हणाले की बघा, सायन्सनेच सृष्टीची निर्मिती सिद्ध केली, तर ते या पाद्रीबुवांनाच रुचलं नाही, त्याला सायन्स आणि श्रद्धा वेगळ्याच ठेवायच्या होत्या. इतकी शिस्त आपल्या पुराणात विमानं शोधणाऱ्यांकडे आहे का?

खवचट खंडू:
नाहीये, मान्य. पण म्हणून इकडचं माफ?

तिरका डोळा:
लमेत्र एकटा झाला हो. आमच्या पोरीला उत्क्रांती धड शिकवतील का तेवढं सांगा.

सह्याद्रीवाला:
कॅथलिकांचं त्यावर भांडण नाही, पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्येच म्हणाले की उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही. अमेरिकेतले डार्विनविरोधी बहुतेक वेगळ्या पंथांचे. आणि सिलॅबस युनिव्हर्सिटीचाच असतो ना?

खवचट खंडू:
झेवियर्स २०१० पासून ऑटोनॉमस आहे साहेब, सिलॅबस कॉलेजच ठरवतं. म्हणून म्हणतो, झूलॉजीचा सिलॅबस मागवून वाचा आणि मग फी भरा.