शाकाहारी आहोत म्हणून निरोगी? नाशिककरांनो, जरा ताटाकडे बघा

गोदाकाठचा मन्या
श्रावण लागला की कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरच्या आमच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. मांस पोटात ७२ तास सडतं, शाकाहारी माणसाला ना शुगर ना हार्ट. पहिली गोष्ट धादांत खोटी आहे. जेवण काहीही असो, जठर काही तासांत रिकामं होतं आणि मांसातली प्रथिनं लहान आतड्यात व्यवस्थित पचतात. दुसरीचं उत्तर ग्रुपातच आहे. बहुतेक सगळे शाकाहारी, आणि गोळ्यांचा डबा न बाळगणारा शोधावा लागेल.

मी शाकाहारीच आहे आणि राहणार. पण सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या आणि वर भात, वरण इतकं पातळ की तळ दिसावा, संध्याकाळी वडापाव, सोमवारी साबुदाणा खिचडी. या जेवणाला आरोग्यदायी का म्हणायचं? आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह सर्वेक्षणाप्रमाणे आपण भारतीय सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेतो. मटण सोडलं म्हणून हा आकडा खाली येत नाही.

जुना पंचवटीकर
मन्या, सोयीचं तेवढं सांगू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ऑक्सफर्डच्या अभ्यासात शाकाहाऱ्यांना हृदयविकार २२ टक्के कमी. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत शाकाहाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा १२ टक्के कमी. एवढं सगळं खोटं आणि तुझा पातळ वरणाचा सिद्धांत खरा?

गोदाकाठचा मन्या
काका, खोटं कोण म्हणतंय? पूर्ण वाचा एवढंच म्हणतो. ऑक्सफर्डच्या त्याच अभ्यासात शाकाहाऱ्यांना पक्षाघात मांसाहाऱ्यांपेक्षा २० टक्के जास्त निघाला, ते मेसेजमध्ये कधीच येत नाही. ॲडव्हेंटिस्ट मंडळी बहुतेक दारू-सिगारेटला शिवत नाहीत. आणि तुमच्या त्या १२ टक्क्यांत मासे खाणारेही ‘शाकाहारी’ गटात धरलेत.

सिडकोवाला
मी रविवारी काळ्या मसाल्याचं मटण खाणारा. राहिलेले सहा दिवस पोळी-भाजी, कारण मटणाचा भाव बघा. इंग्रज रोज खातो, आपण आठवड्यातून एकदा. त्याच्या ताटाचा निकाल माझ्या ताटाला कसा लागू होणार? आणि बेकन आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलंही नाही, काका.

आहारवाली ताई, गंगापूर रोड
आहारसल्ला हेच माझं काम, म्हणून थोडं लांबवते.

शाकाहाराचे फायदे खरे आहेत, पण ते डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, शेंगदाणे-तीळ आणि चोथ्याचे आहेत. आपली मिसळ घ्या. मोडाची मटकी, वर कांदा, लिंबू. मटकीत प्रथिनं आणि लोह, आणि लिंबातल्या सी जीवनसत्त्वामुळे ते लोह शोषलं जातं. मग आपण काय करतो? मूठभर शेव, जास्तीची तर्री, दोन पाव, जिलबी, आणि लगेच कडक चहा. चहातली टॅनिन्स तेच लोह अडवतात. चहा तासाभराने घ्या, एवढ्यानेही फरक पडतो.

प्रथिनांचा हिशेब वजनाच्या दर किलोला साधारण ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून पाच-सहा मिळतात. दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ, शिवाय दही, दाणे, कधी सोयाबीन असं केल्याशिवाय आकडा गाठत नाही.

आणि बी१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत भरवशाचं कुठेच नाही. इडली आंबवली, ढोकळा आंबवला म्हणून ते तयार होत नाही, आणि स्पिरुलिना या शेवाळातलं बरंचसं शरीराला वापरता येत नाही. प्रौढ माणसाला रोज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम लागतं. तेवढं दुधातूनच घ्यायचं तर रोज अर्धा लिटर तरी हवं, चहातलं चमचाभर दूध धरू नका. यकृतात साठा असतो म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. नंतर पायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा, आणि घरचे म्हणतात ‘वय झालं’. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर रक्त तपासून घ्याच, कारण त्या गोळीनेही बी१२ घटतं. बी१२ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. तिने कुणाचा शाकाहार बाटत नाही.

जुना पंचवटीकर
ताई, आमचे आजोबा गोळ्या न घेता नव्वदी गाठून गेले.

आहारवाली ताई, गंगापूर रोड
त्यांच्या गोठ्यात गाय होती की नाही, तेवढं सांगा. आणि ते दिवसभर किती चालायचे, तेही.

सुरगाण्याचा
तुमची सगळी चर्चा शहरातल्या कॉलेज रोडची आहे. आमच्याकडे पाड्यावर नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, आणि पावसाळ्यात ओहोळातले खेकडे-मासे. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ती शहरात बिस्किटाच्या पुड्यात घालून चढ्या भावाने विकली जाते आणि आमच्या पोरांना रेशनचा तांदूळ. कोण शाकाहारी, कोण मांसाहारी हा प्रश्न पोट भरलेल्यांचा.

देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आहे. २०२३ मध्ये राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. न खाणाऱ्या मुलाला केळं होतं, जबरदस्ती नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने अंड्यांचा वेगळा निधी थांबवला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि वर बी१२. तरी अंड्याला विरोध का, हे विरोध करणाऱ्यांनी ताईंची पोस्ट वाचून सांगावं.

जुना पंचवटीकर
दाण्याची चिक्की द्या, मोड आलेले मूग द्या, दूध द्या. अंड्यावरच अडून का बसायचं? पंगतीत दोन प्रकारची पोरं बसवणं मला पटत नाही.

सुरगाण्याचा
दूध द्या म्हणणं सोपं आहे. पाड्यावर दूध पोचतं का, पोचलं तर नासलेलं असतं का, ते येऊन बघा. अंडं टिकतं, मोजून देता येतं, त्यात पाणी घालता येत नाही. आणि पंगत वेगळी होते म्हणता, तर केळं खाणारा पोरगा अंडं खाणाऱ्याच्या शेजारीच बसायचा की. पोरांना अडचण नव्हती.

सिडकोवाला
ह्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून एक प्लेट मटण.

गोदाकाठचा मन्या
विषय पोषण आहाराकडे गेलाच आहे तर तिथेच राहू द्या, ट्रॅकवाल्यांपेक्षा तो महत्त्वाचा. ताई, एक विचारायचं होतं. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर चालेल का? नाशकात ती मुबलक मिळते.

आहारवाली ताई, गंगापूर रोड
चालेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, भगरीत निदान थोडी प्रथिनं आणि चोथा आहे. सोबत दाण्याची आमटी आणि वाटीभर दही घ्या. बटाट्याचे पापड तळून त्यावर ठेवू नका म्हणजे झालं.

जुना पंचवटीकर
दाण्याची आमटी आमच्या घरी आधीपासूनच असते. अंड्याबद्दल माझं मत आहे तेच आहे.