घरपोच जेवणाचा धंदा : आतून पाहिलेल्यांनी अनुभव सांगा

मंडळी, मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने तिचं घरपोच जेवणाचं किचन बंद केलं. ऑर्डरी भरपूर होत्या, तरीही. मग पैसा नेमका कुठे झिरपतो? ज्यांनी रांधलंय, पोचवलंय, मील किटच्या (मोजून दिलेला कच्चा माल आणि कृतीचं कार्ड खोक्यातून घरी पाठवणाऱ्या) कंपनीत काम केलंय, त्यांनी लिहा. ग्राहकांनीही.

चुलीपाशी
मी तीन वर्षं फक्त डिलिव्हरीचं किचन चालवलं. बसायला टेबल नाही, दारावर पाटी नाही. अ‍ॅपच्या कमिशनबद्दल सगळे बोलतात, आणि ते जड असतंच. पण मला डब्यांनी दमवलं. रस्सा गळाल्याची तक्रार आली की जाड डबा घ्या, मग झाकणावर चिकटपट्टी, मग त्यावर कागदी पिशवी. एका रात्री एकाच ऑर्डरचा हिशेब मांडला. शंभरातले 27 कमिशन, 12 सवलतीतला आमचा वाटा, यादीत वर दिसण्यासाठी जाहिरातीचे 5, माल 34, डबे-पिशव्या 8. उरले 14. त्यात भाडं, गॅस, दोन मदतनिसांचे पगार. वहीचं ते पान अजून जपून ठेवलंय.

आणि रोज आमच्याकडून जेवणारा माणूस कोण, हे मला कधीच कळलं नाही. त्याचा नंबर अ‍ॅपकडे. सवलत थांबवली की तो शेजारच्या किचनकडे, आणि त्याला परत बोलवायला माझ्याकडे काही साधनच नाही.

दोन_चाकं
ताई, तुमची बाजू पटली. आता दाराबाहेरची सांगतो. पैसे फेरीचे मिळतात, थांबण्याचे नाही. किचनवाले 'तयार' अशी खूण आधीच करून टाकतात, मी पोचतो तेव्हा कढई अजून गॅसवरच असते. गर्दीच्या दोन-अडीच तासांतच काय ती कमाई, त्यातली वीस मिनिटं एका दारात गेली की एक फेरी बुडाली. वर दोन ऑर्डरी एकत्र दिल्या तर दुसऱ्याचं जेवण गार होतं आणि रेटिंग माझं पडतं. अ‍ॅपला अंतर कळतं, चार मजल्यांचा जिना कळत नाही.

हिशेबनीस
मी मील किटच्या खरेदी विभागात होते. कागदावर हा धंदा हॉटेलपेक्षा सरस दिसतो : ग्राहक आधी निवडतो, मग आपण माल घेतो, म्हणजे नासाडी कमी. प्रत्यक्षात एका खोक्यात तिसेक पुड्या असायच्या. 29 बरोबर गेल्या आणि चमचाभर मसाल्याची एक राहिली, की ते खोकं चुकलंच. पैसे परत. उन्हाळ्यात बर्फाची पाकिटं वाढवायची, म्हणजे वजन वाढलं, वाहतूक वाढली.

खरं दुखणं मात्र पुढचं. पहिलं खोकं अर्ध्या किमतीत द्यायचो आणि सवलत संपली की तिसऱ्या-चौथ्या खोक्याला माणसं गळायची. त्यांच्या जागी नवी आणायला पुन्हा जाहिरात. ब्लू एप्रनचं असंच झालं. 2012 ची अमेरिकेतली मील किट कंपनी, जून 2017 मध्ये 10 डॉलरने शेअर बाजारात आली तेव्हा किंमत 1.9 अब्ज डॉलरच्या आसपास होती. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने होल फूड्स ही किराणा दुकानांची साखळी घेण्याची घोषणा केल्यामुळे तो भावसुद्धा आधी ठरवलेल्या 15 ते 17 वरून खाली आणावा लागला होता. 2023 मध्ये वंडर या घरपोच जेवणाच्या कंपनीने ती घेतली 10.3 कोटी डॉलरला. लोक सगळा दोष अ‍ॅमेझॉनला देतात, मला ते पटत नाही. ग्राहक टिकत नव्हते, हे आधीपासूनचं.

एकटीचं_ताट
मी गळालेल्या ग्राहकांपैकी एक. आई गेल्यावर स्वयंपाकघरात पाय ठेवावासा वाटत नव्हता. खोकं यायचं, पुड्या ओट्यावर ओळीने मांडायचे, कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं. काय करायचं, किती घालायचं, हे ठरवायची ताकद नव्हती तेव्हा ते कार्ड हात धरून न्यायचं. चारेक महिन्यांनी एकदा फोडणी झाल्यावर लक्षात आलं, कार्ड पाहिलंच नव्हतं. मग बंद केलं. कार्डं ठेवलीत, एकावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे.

हिशेबनीस
@एकटीचं_ताट, वाचून गलबललं. बंद करताना आम्ही कारण विचारायचो. महाग वाटतं, वेळ नाही, चव आवडली नाही, असे पर्याय होते. 'आता मला येतं' हा पर्याय ठेवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.