फिनलंडमध्ये एमएस: एजंटने मांडलेला हिशोब खरा धरायचा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. तिने इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई केलंय आणि गेलं दीड वर्ष पुण्यात नोकरी करते. तिला वायरलेसमध्येच पुढे शिकायचं आहे. तिकडच्या ओउलू शहरातलं विद्यापीठ तिने मनाशी पक्कं केलंय, कारण 6जीवरचा मोठा संशोधन कार्यक्रम तिथे 2018 पासून चालू आहे. आम्ही तासगाव भागातले, घरची द्राक्षबाग आहे. आण्णा कर्ज काढायला तयार आहेत, पण त्यासाठी बाग तारण ठेवावी लागेल. म्हणून कागदावर सही होण्याआधी इथे विचारतेय.

गेल्या आठवड्यात जवळच्या एका एजंटकडे जाऊन आलो. त्याने कोऱ्या कागदावर पेनाने गणित मांडलं: आठवड्याला 30 तास, तासाला 12 युरो, चार आठवडे, म्हणजे महिन्याला 1,440 युरो. त्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला आणि आण्णांना म्हणाला, “काका, पहिला हप्ता तेवढा बघा, पुढची फी पोरगीच भरेल.” आण्णांनी तो कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलाय. घरी कोणी आलं की काढून दाखवतात. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मला काही बोलवत नाही, पण रात्री झोप लागत नाही.

हा एजंट ओउलू विद्यापीठाऐवजी ‘अप्लाइड सायन्सेस’ नावाच्या एका संस्थेतलं मास्टर्स घ्या म्हणतोय. त्याच्या मते दोन्ही एकच, आणि इथे प्रवेश लवकर मिळतो. तिकडे मामा म्हणतात फिनलंडमध्ये शिक्षण फुकट असतं. बँकेत किती पैसे दाखवायचे आणि ते आण्णांच्या नावावर चालतात का, हेही कळत नाही. तिकडे राहिलेल्या, शिकलेल्या कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद 1

ताई, मी ताम्पेरेत मास्टर्स केलं, आता इथेच पीएचडी करतोय. आधी संस्थेचं बोलतो, कारण तिथे तुमची सरळ फसगत होतेय.

फिनलंडमध्ये उच्च शिक्षणाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक विद्यापीठं, म्हणजे हेलसिंकी, आल्तो, ताम्पेरे, तुर्कू, ओउलू वगैरे. दुसरी उपयोजित शिक्षणाची संस्था, म्हणजे तुमचा एजंट सांगतोय ती ‘अप्लाइड सायन्सेस’वाली, तिला इथे सगळे एएमके म्हणतात. एएमके वाईट नाही. नर्सिंग, हॉटेल व्यवसाय, प्रत्यक्ष कामाचं इंजिनिअरिंग यासाठी उत्तम, तिथली पदवी साडेतीन-चार वर्षांची असते. पण एएमकेच्या मास्टर्सला पदवीनंतर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तुमच्या बहिणीचं दीडच वर्ष झालंय. एजंटला हे ठाऊक नसेल तर त्याच्याकडे जाऊ नका, आणि ठाऊक असून सांगितलं नसेल तर मुळीच जाऊ नका. तिला संशोधनाकडे वळायचं असेल तर विद्यापीठच योग्य, दोन वर्षांचं, 120 क्रेडिटचं.

मामांचं म्हणणं एके काळी खरं होतं. 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतल्या पदवीला आणि मास्टर्सला फी लागते. वर्षाला साधारण 8 हजारांपासून 20 हजार युरोंपर्यंत, विषय आणि संस्थेप्रमाणे. ऑगस्ट 2026 पासून सुरू होणाऱ्या शिक्षणासाठी तर पूर्ण खर्च भागेल एवढी फी घेण्याचा कायदा झालाय, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले आकडे धरू नका. फिनिश किंवा स्वीडिशमधून शिकणाऱ्याला फी नाही. पीएचडीलाही नाही, कुठल्याही देशाचा असो.

शिष्यवृत्ती मात्र मनापासून धरा. विद्यापीठं स्वतःच अर्धी किंवा पूर्ण फी माफ करतात आणि बहुतेक ठिकाणी ती प्रवेशाच्या अर्जासोबतच मागायची असते. पुढच्या वर्षी ती टिकवायला ठरावीक क्रेडिट वेळेत पूर्ण करावे लागतात. वर्षाचे 60 क्रेडिट म्हणजे सुमारे 1,600 तासांचा अभ्यास. आता त्यात आठवड्याचे 30 तास काम बसवून बघा.

अर्ज ‘स्टडीइन्फो’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच भरता येतो. 2025 पासून युरोपबाहेरच्यांना 100 युरो अर्ज शुल्क आहे, पण एकाच सत्रात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या सगळ्या अर्जांसाठी ते एकदाच भरायचं. एजंट दर अर्जामागे मागत असेल तर सावध. इंग्रजीतल्या बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज जानेवारीत असतात, आणि शेवटच्या दिवशी तिथल्या दुपारी 3 ला बंद होतात. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. रात्री बाराची वाट बघत बसू नका.

प्रतिसाद 2

मी ओउलूतच आहे, लिन्नानमा परिसरात. माझं दुसरं वर्ष. तुमच्या आण्णांच्या खिशातल्या त्या कागदाबद्दल सांगते, कारण माझ्या बाबांच्याही खिशात तसाच कागद होता.

आठवड्याला 30 तास ही विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावरची कामाची सरासरी मर्यादा आहे. तेवढं काम मिळेलच असं कुठेही लिहिलेलं नाही. 2025 मध्ये इथे बेरोजगारी दहा टक्क्यांच्या घरात गेली आणि फिनिश न येणाऱ्याला मिळण्यासारखी कामं म्हणजे साफसफाई, डिलिव्हरी, पहाटेची वर्तमानपत्रं. मला पहिलं काम सातव्या महिन्यात मिळालं. ऑफिसांची सफाई, आठवड्याला दहा-बारा तास, तेही संध्याकाळी. कष्टाची लाज नाही, अभिमानच आहे. पण त्यातून फी निघत नाही. खोलीभाडं कसंबसं निघतं. फी घरून येणार असं गृहीत धरूनच निघा.

निवास परवान्यासाठी महिन्याला 800 युरो दाखवावे लागतात, वर्षाचे 9,600. युरो शंभर रुपये धरला तरी 9 लाख 60 हजार, आणि फी याहून वेगळी. पैसे बहिणीच्या स्वतःच्या खात्यावर हवेत, आण्णांच्या हमीपत्रावर भागत नाही. आरोग्य विमाही लागतो. आनंदाची गोष्ट अशी की 2022 पासून परवाना पूर्ण अभ्यासक्रमाचा एकदमच मिळतो, आणि पदवीनंतर काम शोधायला दोन वर्षं मिळतात.

खर्चाचं सांगायचं तर विद्यापीठाच्या कँटीनमध्ये अनुदानामुळे सुमारे 3 युरोत भरपेट जेवण मिळतं, सूप, सॅलड, ब्रेड सगळं धरून. शाकाहारी असतंच. खोलीसाठी इथल्या विद्यार्थी गृहनिर्माण संस्थेकडे प्रवेश मिळाला त्याच दिवशी अर्ज टाका.

आणि अंधाराची तयारी ठेवायला सांगा. डिसेंबरात सूर्य साडेदहाला उगवतो आणि दोनला मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी वर्गातून बाहेर आले तर रात्र, खोलीवर पोळ्या लाटायला घेतल्या तर रात्र, आईला फोन लावला तर तिच्याकडे मध्यरात्र झालेली. लोक मात्र उणे वीसमध्येही सायकलवर असतात, महानगरपालिका सायकलचे रस्ते आधी साफ करते. मीही शिकले. जॅकेट तिकडून घेऊन येऊ नका, इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात चांगलं मिळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही प्रतिसाद आण्णांना वाचून दाखवले. त्यांनी तो कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून नवा हिशोब लिहून घेतला. फी वर्षाला 15 हजार युरो धरली तर दोन वर्षांचे 30 लाख रुपये, राहण्याचे दोन वर्षांचे एकोणीस, विमा आणि तिकीट वेगळं. कमाईच्या रकान्यात शून्य घालायला त्यांनीच सांगितलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “फी अर्धी तरी माफ झाली तर बाग तारण ठेवू. नाही झाली तर अजून एक वर्ष नोकरी करू दे, पैसे साठू देत.” बहिणीला फोनवर सांगितलं, ती आधी गप्प झाली, मग हो म्हणाली. एजंटला नकार कळवलाय, अर्ज ती स्वतःच भरतेय. त्याने ठेवून घेतलेल्या गुणपत्रिकांच्या मूळ प्रती उद्या जाऊन परत आणणार आहे.

एक शंका राहिली. शिष्यवृत्तीच्या अर्जात हेतुपत्र लिहायचं आहे. त्यात दीड वर्षाच्या नोकरीतलं काम जास्त लिहावं की बीईच्या शेवटच्या वर्षाचा अँटेनाचा प्रकल्प? तिचं मन प्रकल्पाकडे आहे. आणि ओउलूच्या ताईंना जमणार असेल तर रविवारी तिच्याशी दहा मिनिटं बोलाल का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.