भुकेची वाट पाहणे सुरुवातीला जमत नाही

"शरीराचे ऐका, भूक लागेल तेव्हाच खा" हा नेहमी ऐकू येणारा सल्ला पूर्ण बऱ्या झालेल्या माणसासाठी योग्य आहे; ईटिंग डिसऑर्डरमधून (खाण्याशी निगडित मानसिक आजारातून, ज्यात माणूस स्वतःची उपासमारही करतो) नुकत्याच सावरू लागलेल्या व्यक्तीला मात्र तो घातक ठरू शकतो, असे मला वाटते. दीर्घकाळच्या उपासमारीने जठर रिकामे होण्याची गती मंदावते, चार घासांतच पोट गच्च होते आणि भुकेच्या जाणिवेवर विसंबता येत नाही. म्हणूनच माझ्या धाकट्या बहिणीला आहारतज्ज्ञांनी भूक असो वा नसो, दर तीन-चार तासांनी खायला सांगितले होते. मोबाइलचा गजर वाजला की ती ताटासमोर बसे. पहिला घास उचलायला कधीकधी दहा मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ आम्ही जेवणाचा विषयही न काढता इतर काहीबाही बोलत असू. भूक आपणहून लागू लागली ती कित्येक महिन्यांनी.

पुढे उलट टप्पा आला, पोट भरूनही खाण्याची ओढ न शमण्याचा, आणि त्याची तिला अधिक भीती वाटली. १९४४-४५ मध्ये उपासमारीच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी अँसेल कीज या संशोधकांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्यातील काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही अनेकांची भूक दीर्घकाळ शमेना. ही ओढ उपासमारीचाच परिणाम असते, हे डॉक्टरांनी समजावल्यावर तिचे स्वतःला दोष देणे बरेच कमी झाले.