मदत हवी आहे: बोगस बियाण्यांवर टोपणनावानं लिहिलं तर कायद्यात कुठं अडकेल?

भाऊ, यवतमाळकडच्या कापूसवाल्यांसाठी फेसबुक पेज काढतोय, 'बांधावरचं बुजगावणं' नावानं. नुसतं टोपणनाव गुन्हा नाही, हे पक्कं. आयटी कायदा २००० चं कलम ६६-डी लागतं ते तोतयेगिरी करून फसवलं तर: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. म्हणून कृषी सहायकाचं नाव-फोटो नाही, अन् सिमही दुसऱ्याच्या आधारवर नाही.

पिशवीवरच्या लॉट नंबरचा फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' करून आला, अन् कॅमेऱ्यात लोकेशन चालू असलं, की शेताचा पत्ता फोटोतच येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढूनच टाकायचा.

अडलंय एवढंच: दुकानदारानं बदनामीची केस टाकली, तर फेसबुककडून नाव बाहेर पडण्याआधी आपल्याला बाजू मांडता येते का? तालुक्याच्या कोर्टात काम करणारं कोणी असेल तर सांगा.