मेन्थॉल सिगारेट बंद झाली तर ओढणारे खरंच सोडतात का?

घाटकोपरकर:
ऑफिस चकाल्याला. जेवण झालं की आम्ही पाच-सहा जण खाली टपरीवर. सगळ्यांची कॅप्सूलवाली मिंट, म्हणजे पुदिन्याच्या थंडाव्याची मेन्थॉल. फिल्टर दाबला की टक् आवाज येतो, मग पहिला झुरका. साधी ओढणारे फक्त अकाउंट्सचे काका. परवा विषय निघाला की उद्या सरकारने फ्लेवर बंद केले तर? मी म्हटलं, आपण सोडून देणार, साधी आपल्या घशाखाली उतरत नाही. सगळे फिदीफिदी हसले. ज्या देशांत अशी बंदी झाली तिथे लोकांनी काय केलं, कुणाला माहीत आहे का? लेक्चर नको, ते घरी आई देते.

मुलुंडची_मनू:
20 मे 2020 ला यूके आणि युरोपियन युनियनमध्ये मेन्थॉल सिगारेट बंद झाली तेव्हा मी बर्मिंगहॅमला प्रोजेक्टवर होते. मी ओढत नाही, पण माझी रूममेट पक्की मेन्थॉलवाली. थोड्याच दिवसांत तिने दुकानातून पुदिन्याचा वास लावलेली कार्डं आणली, व्हिजिटिंग कार्डापेक्षा बारीक. साध्या सिगारेटच्या पाकिटात एक सरकवायचं आणि तासभर ठेवायचं, की अख्ख्या पाकिटाला पुदिन्याची चव. पुढे ती सिगारिलोवर गेली. दिसायला सिगारेटच, आत कॅप्सूलसुद्धा, पण वरचं वेष्टन तंबाखूच्या पानाचं, म्हणून कायद्याने तो सिगार! टीममधला एक जण मिंट व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर गेला, तिथे ते चालतं. एकाने मात्र खरंच सोडली. लॉकडाऊनमुळे की बंदीमुळे, देव जाणे.

टपरी_परळ:
भाऊ, मी विकणारा माणूस, माझं ऐक. बंदी येईल तेव्हा येईल, माझ्याकडे ती अधूनमधून असतेच. एजन्सीचा माल आला नाही की मिंट संपते. मग काय होतं? जुना गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालतो, साधी घेतो, वर एक पुदिन्याची गोळी मागतो. आधी गोळी चघळणार, मग झुरका. झाली त्याची मेन्थॉल तयार! नवी पोरंपोरी मात्र "नको काका" म्हणून निघून जातात. काही नाक्यावरच्या दुसऱ्या टपरीवर, काही सरळ ऑफिसात. साधी त्यांना लागते, खोकतात. थंडाव्याने घशाची खरखर दबते म्हणून तर ती शिकलेली असतात. म्हणून माझं म्हणणं, बंदीने जुने फारसे हलणार नाहीत, नवे अडतील. तेही शेजारच्या बरणीत दुसरं काही ठेवलेलं नसेल तरच.

गुटख्याचं आठवा. 2012 ला राज्यात गुटखा आणि पानमसाला बंद. मग दोन पुड्या जोडीने यायला लागल्या, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक दोन्ही फाडून तळहातावर मिसळतो. 2013 ला सुगंधित तंबाखूही बंदीत आला. खाणारा अजून खातोय. तुमच्या मनूताईंचं ते कार्ड म्हणजे दुसरी पुडीच की!

अभ्यासू_दादर:
टपरीवाल्या काकांना अर्धा पाठिंबा. कॅनडात ऑन्टॅरिओने 1 जानेवारी 2017 पासून मेन्थॉल बंद केली. आधी विचारलं तेव्हा "सोडू" म्हणणारे कमी होते, बंदीनंतर सोडायचा प्रयत्न करणारे त्याहून जास्त निघाले. वर्षभराने पाहिलं तर मेन्थॉलवाल्यांनी साधी ओढणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात सोडली होती. म्हणजे जुनेही हलतात, काका. पण बहुतेक जण ओढतच राहिले, आणि दुसऱ्या फ्लेवरच्या तंबाखूकडे वळणारेही आधी म्हणाले होते त्यापेक्षा जास्त भरले.

अमेरिकेची गंमत वेगळी. 2009 मध्ये लवंग, फळं, चॉकलेट वगैरे चवींच्या सिगारेट बंद, मेन्थॉल तेवढी वगळली. इंडोनेशियाची लवंग सिगारेट लगेच सिगारच्या वेषात परत आली. शिवाय इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेला, की आमची लवंग बंद आणि तुमची मेन्थॉल चालू, हा कुठला न्याय? 2012 ला अपिलातही जिंकला.

घाटकोपरकर:
म्हणजे मी सोडेन की गोळी चघळत साधी ओढेन, हे कुणीच सांगत नाही! बरं, सोडायचीच झाली तर सुरुवात कुठून?

मुलुंडची_मनू:
पाकिटावर सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. फुकट आहे.

घाटकोपरकर:
ताई, आम्ही सुटी घेतो. पाकीट बघतो कोण?

टपरी_परळ:
सुटी विकायला राज्यात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, हे मी इथे मोठ्याने बोलत नाही 😄 तू केमिस्टकडे जा, निकोटीनचा च्युइंगगम माग. आधी 2 मिलिग्रॅमचा घ्यायचा की 4 चा, ते त्यालाच विचार. आणि घशाचं टेन्शन घेऊ नको, तो मिंटमध्येही मिळतो.